गाडीचा सीसी विचारतात, चालवणाऱ्याचं काय?

मागच्या मार्चमध्ये एकाच दिवशी माझ्या टेबलावर दोन स्विफ्टच्या आरसी आल्या. मी सोलापुरात अशोक चौकाकडं छोटं ऑफिस टाकून गाड्यांचे इन्शुरन्स काढून देतो, चौदा वर्षं झाली, एक टेबल, एक प्रिंटर, आणि दाराशेजारीच चहाची टपरी आहे म्हणून गिऱ्हाईक जरा वेळ टेकतं आणि बोलतं. मार्चमध्ये रिन्यूअलची गर्दी असते, त्यात दोन सारख्या गाड्या येणं काही विशेष नाही. पण त्या दिवशी जे कोटेशन निघालं ते बघून मलाच कसंतरी झालं, आणि तेव्हापासून हा विषय डोक्यात बसलाय, म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

पहिली आरसी एका रिटायर्ड मास्तरांची. गाडी सात वर्षांची, रनिंग म्हणाल तर घर ते मार्केट यार्ड, पौर्णिमेला अक्कलकोट, वर्षातनं एकदा पंढरपूर. सावळेश्वरचा टोलनाका ओलांडून पुण्याच्या बाजूला जायचं असेल तर मास्तर दोन दिवस आधीपासून टायरची हवा बघत असतात. सात रस्त्याला सिग्नल पिवळा झाला की मास्तर थांबतात आणि मागचे सगळे हॉर्न मारून त्यांच्या घरच्यांची आठवण काढतात.

दुसरी आरसी जुळे सोलापूरच्या एका पोराची, वय तीसच्या आत, टॉवेल-चादरीचा घरचा धंदा, तब्येतीनं दिलदार. थर्टीफर्स्टच्या रात्री ढाब्यावरनं येताना नाकाबंदीत अडवलं, मशीनमध्ये फुंकायला लावलं, कोर्टात १० हजार भरले आणि लायसन्स सहा महिने सस्पेंड. हे त्यानंच सांगितलं, हसत हसत. "काका, आता माझा रेट वाढणार की काय?" असंही वर विचारलं. लायसन्स सस्पेंड असताना त्या दिवशी माझ्या ऑफिसपर्यंत गाडी कोण चालवत आलं हे मी विचारलं नाही, काचेतनं दिसत होतं.

आता रेट बघा. दोन्ही गाड्या ११९७ सीसी, एकाच वर्षाच्या, दोन्ही एमएच १३. थर्ड पार्टीचा, म्हणजे आपल्या गाडीनं दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याच्या भरपाईचा, प्रीमियम कंपनी ठरवत नाही, सरकार ठरवतं, १ जून २०२२ ला जो दर लागू झाला त्यात हजार सीसीच्या आतली खाजगी कार २०९४, हजार ते दीड हजार सीसी ३४१६, आणि त्याच्या वर ७८९७. म्हणजे मास्तरांना ३४१६ आणि पोरालाही ३४१६. एक रुपयाचा फरक नाही. सरकारला इंजिन केवढं आहे ते माहीत आहे, स्टिअरिंगच्या मागं कोण बसलंय ते माहीत नाही, आणि माहीत करून घ्यायची सोयही त्या तक्त्यात नाही.

बरं, थर्ड पार्टी जाऊ द्या, ते सगळ्यांना सारखं का असावं याला एक चांगलं कारण आहे, त्यावर पुढं येतो. पण दुसरा भाग म्हणजे ओन डॅमेज (ओडी), आपल्या गाडीच्या नुकसानीचा, त्याचा रेट तर १ जानेवारी २००७ पासून मोकळा आहे, तिथं कंपनीला डोकं लावता येतं. तिथं काय झालं ते ऐका. हिशेबाला सोपं म्हणून दोघांचा ओडी प्रीमियम ९ हजार धरू. पोराला त्याच्यावर ५० टक्के नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याची सूट, कारण पाच वर्षांत एक पण क्लेम नाही. मास्तरांना शून्य, कारण आदल्या वर्षी मार्केट यार्डात उभ्या गाडीच्या दाराला एका टेम्पोनं रिव्हर्समध्ये ठोकलं, टेम्पोवाला कांद्याच्या गर्दीत पसार, आणि मास्तरांनी ११ हजाराचा क्लेम घेतला. सगळं मिळून जीएसटीसकट, मालकाच्या स्वतःच्या अपघाताचं पीए कव्हर सोडून, मास्तरांचं झालं १४,६५१ आणि पोराचं झालं ९,३४१.

आणि पोराचा क्लेम का नाही? तो होटगी रोडला दोन वर्षांपूर्वी डिव्हायडरवर चढला होता. रात्रीची वेळ. बंपर, हेडलाईट, एक सस्पेन्शन आर्म, ३८ हजार झाले. ते त्यानं ओळखीच्या गॅरेजला रोख दिले, कारण क्लेम टाकला की सर्व्हेअर विचारणार, कसं झालं, किती वाजता झालं, आणि प्यायलेला निघाला तर क्लेम तसाही रिजेक्ट. पॉलिसीतच लिहिलेलं असतं ते. म्हणजे पिऊन ठोकणारा क्लेम करतच नाही, म्हणून त्याचा बोनस शाबूत राहतो, आणि जो सरळ माणूस आहे, ज्याची गाडी उभी होती, तो बिचारा हक्कानं क्लेम करतो आणि बोनस घालवतो. नो क्लेम बोनसला लोक सेफ ड्रायव्हिंगचं बक्षीस समजतात, आमच्यातले निम्मे एजंट पण तसंच सांगून विकतात. प्रत्यक्षात ते गप्प बसल्याचं बक्षीस आहे.

(इथं माझी पण चूक आहे, कबूल करतो. मास्तरांना मीच सांगायला पाहिजे होतं की ११ हजारासाठी क्लेम टाकू नका. ९ हजाराच्या ओडीवर पहिल्या वर्षी ५० टक्के गेले, दुसऱ्या वर्षी मिळतात २० म्हणजे ३० गेले, मग २५, ३५, ४५ असं चढत पुन्हा ५० ला यायला पाच वर्षं जातात, प्रीमियम तेवढाच धरला तर एकूण सव्वाअकरा हजाराचं नुकसान. क्लेमपेक्षा जास्त. तेव्हा मी गावाला होतो, त्यांनी परस्पर फोन लावला आणि झालं.)

माझं म्हणणं एवढंच आहे की ज्यानं दारू पिऊन गाडी चालवली, ज्याचं लायसन्स सस्पेंड झालं, ज्याच्यावर बेदरकार गाडी चालवल्याची केस आहे, त्याला इन्शुरन्स महाग पडला पाहिजे. चांगला महाग, खिशाला कळेल असा. पण त्याला इन्शुरन्स मिळालाच नाही पाहिजे असं मी म्हणणार नाही, आणि ह्या दोन गोष्टींत लोक गल्लत करतात. आमच्या टपरीवर हा विषय निघाला की पहिलं वाक्य असतं, "असल्याला इन्शुरन्सच देऊ नका बे!" ऐकायला भारी वाटतं. पण इन्शुरन्स न देऊन वाट कुणाची लागते?

मावसबहिणीचा मुलगा कॅलिफोर्नियात असतो, सॅक्रामेंटोच्या बाजूला. आमच्या खानदानात पहिला इंजिनिअर, पेढे वाटले होते त्याच्या व्हिसाला. त्याला तिकडं पार्टीवरनं पिऊन गाडी चालवत येताना पकडलं, तिकडं त्याला डीयूआय म्हणतात. एका रात्रीत घरचे सगळे कायदा शिकले. मला फोन आला कारण मी "इन्शुरन्समधला", जसं काय अशोक चौकातनं मी सॅक्रामेंटोची पॉलिसी काढून देणार. पण त्यामुळं तिकडचं गणित नीट समजून घेतलं. त्याच्या कंपनीनं पुढच्या टर्मला रिन्यू केलं नाही. तीन ठिकाणी नकार. चौथ्यानं दिली ती जवळजवळ तिप्पट रेटनं. आणि वर डीएमव्हीनं, म्हणजे तिकडच्या आरटीओनं, सांगितलं की एसआर-२२ आणा.

हे एसआर-२२ म्हणजे काही वेगळी पॉलिसी नाही, लोकांना तसं वाटतं. ते कंपनीनं सरकारला दिलेलं एक सर्टिफिकेट आहे, की ह्या माणसाचा इन्शुरन्स चालू आहे आणि ज्या दिवशी तो बंद पडेल त्या दिवशी आम्ही तुम्हाला कळवू. साधारण तीन वर्षं ते चालू ठेवावं लागतं. मधे एक हप्ता चुकला, पॉलिसी तुटली, की कंपनीनं कळवायचं आणि लायसन्स परत सस्पेंड. म्हणजे तिकडं इन्शुरन्स गाडीच्या नाही, माणसाच्या मानगुटीला बसलेला असतो. गाडी विकली तरी सुटका नाही, परत लायसन्स पाहिजे असेल तर स्वतःची गाडी नसणाऱ्यानं पण नॉन-ओनर पॉलिसी घेऊन ते सर्टिफिकेट द्यायचं.

आणि कॅलिफोर्नियात अजून एक आहे जे मला फार आवडलं. १९८८ साली तिथल्या लोकांनी मतदान करून प्रपोझिशन १०३ नावाचा कायदा आणला. त्यात गाडीच्या इन्शुरन्सचा रेट कशावर ठरवायचा याचा क्रमच लावून दिलाय, सगळ्यात आधी ड्रायव्हिंग रेकॉर्ड, मग वर्षाला किती मैल चालवता, मग किती वर्षांचा अनुभव. बाकीच्या गोष्टी ह्याच्यानंतर. चांगल्या ड्रायव्हरला किमान २० टक्के डिस्काउंट द्यायलाच पाहिजे असं कायद्यात आहे, आणि डीयूआय झाला की ते डिस्काउंट दहा वर्षं विसरायचं. दहा वर्षं! आमच्या त्या पोराला दहा महिने पण काही विसरावं लागलं नाही.

आता नकार मिळालेल्यांचं काय, तर तिथं त्याचीही सोय आहे. ज्याला कुणीच दारात उभं करत नाही त्याच्यासाठी असाइन्ड रिस्क प्लॅन असतो, त्यातनं कुठल्यातरी एका कंपनीच्या गळ्यात तो घातला जातो आणि कंपनीला पॉलिसी द्यावीच लागते. महाग, पण मिळते. आपल्याकडं असलं काही झालंच नाही असं नाही, २०१२ पासून काही वर्षं कमर्शियल गाड्यांसाठी डिक्लाइन्ड रिस्क पूल होता, जुने ट्रक कुठलीच कंपनी घ्यायला तयार नसायची म्हणून. नवीन एजंटांना ते नावही माहीत नसेल. तेव्हा ट्रकवाले दुपारी जेवायच्या वेळेला येऊन बसायचे, "साहेब, काहीतरी करा, गाडी उभी आहे."

पण तिकडचं सगळंच उचलून आणायचं का, तर नाही. एका बाबतीत आपला कायदा त्यांच्यापेक्षा कितीतरी उजवा आहे आणि ते आपल्यालाच माहीत नसतं. कॅलिफोर्नियात कमीत कमी जो इन्शुरन्स घ्यावा लागतो त्यात एका माणसाच्या इजेसाठी ३० हजार डॉलरची मर्यादा, ती पण १ जानेवारी २०२५ पासून, त्याच्या आधी १५ हजारच होती. तिथला दवाखान्याचा खर्च बघता ते पैसे ॲम्ब्युलन्सच्या दारापर्यंत पुरणार. आपल्याकडं थर्ड पार्टीत माणूस मेला किंवा जखमी झाला तर कंपनीच्या जबाबदारीला वरची मर्यादाच नाही. अपघाताच्या भरपाईचं ट्रिब्युनल जेवढं ठरवेल तेवढं. मर्यादा आहे ती फक्त समोरच्याच्या मालमत्तेच्या नुकसानीला, कारसाठी साडेसात लाख. ३४१६ रुपयात अमर्याद जबाबदारी, असा सौदा जगात फार ठिकाणी नसेल.

आणि म्हणूनच मी म्हणतो, थर्ड पार्टीचं दार कुणालाही बंद करायचं नाही. कारण तो इन्शुरन्स ड्रायव्हरचा नसतोच, तो रस्त्यावरनं चालणाऱ्या दुसऱ्या माणसाचा असतो. ड्रायव्हर फक्त त्याचे पैसे भरतो.

कुंभारीच्या विडी घरकुलातल्या एका बाईंची केस मला माहितीय. पानं-तंबाखू घेऊन रस्त्याच्या कडेनं चालल्या होत्या, मागनं एका बाईकनं उडवलं. मांडीचं हाड मोडलं, रॉड घातला. विडी मांडी घालून वळतात, सूप मांडीवर घेऊन. त्यांना परत तसं बसता आलं नाही, म्हणजे हाताला काही झालेलं नसताना काम गेलं. बाईकचा इन्शुरन्स तीन वर्षांपूर्वी संपलेला. क्लेम ट्रिब्युनलला केस टाकली, तारखा पडल्या, निकालही बाजूनं लागला, पण पैसे देणार कोण तर बाईकचा मालक, आणि मालक स्वतः पॉवरलूमवर कामाला. त्याच्याकडनं काय निघणार? बाईक विकून बारा हजार आले असते. निकालाची ती झेरॉक्स त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत घडी घालून ठेवलीय, माझ्यापुढं उघडली आणि विचारलं, "ह्याच्यावर काय मिळतं का बघा की." माझ्याकडं उत्तर नव्हतं.

त्या बाईकला इन्शुरन्स असता तर, भले चालवणाऱ्याकडं लायसन्स नसतं तरी, पैसे मिळण्याचा रस्ता होता. सुप्रीम कोर्टानं २००४ च्या स्वरण सिंग केसपासून हे धरून ठेवलंय की कंपनीनं आधी पीडिताला द्यावं आणि मग मालकाकडनं वसूल करत बसावं, आमच्या भाषेत पे अँड रिकव्हर. वसुली किती होते ते सोडा. पण बाईच्या हातात पैसे तर पडतात. आता विचार करा, "असल्याला इन्शुरन्सच देऊ नका" म्हणणाऱ्यानं कुणाच्या हातातले पैसे काढून घेतले.

देशात निम्म्याहून जास्त गाड्या विना-इन्शुरन्स फिरतात, हे संसदेच्या अर्थविषयक स्थायी समितीनं २०२४ मध्ये मांडलेलंच आहे, आणि सोलापुरात ते समजायला समितीची गरज नाही. हंगामात उसाचे ट्रॅक्टर बघा, मागं दोन-दोन ट्रॉल्या, लाईट नाही, रिफ्लेक्टर चिखलात, वर डॉल्बी. ट्रॉलीचा इन्शुरन्स म्हटलं की मालक माझ्याकडं असा बघतो जसं काय मी बैलाचं लायसन्स मागितलं. आणि नसल्याचा दंड काय, पहिल्या वेळी २ हजार, दुसऱ्या वेळी ४ हजार. तीन महिन्यांपर्यंत कैदही कायद्यात आहे, पण ती झालेला एकही माणूस माझ्या ओळखीत नाही. स्विफ्टची नुसती थर्ड पार्टी जीएसटीसकट ४०३१ रुपये. म्हणजे पकडलं तरी पहिल्या खेपेला फायद्यातच. धंदेवाला माणूस हा हिशेब चहाचा कप संपायच्या आत करतो.

दार बंद केल्यावर काय होतं याचा एक अनुभव आपण घेऊनही झालाय. सुप्रीम कोर्टानं ऑगस्ट २०१७ मध्ये सांगितलं की पीयूसी असल्याशिवाय इन्शुरन्स रिन्यू करू नका. हेतू चांगला, प्रदूषण कमी व्हावं. आमच्या टेबलावर काय झालं? माणूस यायचा, पीयूसी नाही म्हटलं की "आणतो" म्हणून जायचा, तो गेलाच. शेवटी विमा कंपन्यांची जनरल इन्शुरन्स कौन्सिलच कोर्टात गेली की ह्या अटीमुळं गाड्या विना-इन्शुरन्स राहतायत आणि अपघातात सापडलेल्यांचं नुकसान होतंय, आणि जुलै २०२४ मध्ये कोर्टानं ती अट मागं घेतली. सात वर्षं गेली हे कळायला. इन्शुरन्सच्या काउंटरला नाकाबंदी केली की लोक काउंटरलाच येत नाहीत.

मग महाग करायचं तर कसं करायचं, खरी भांडणाची जागा ही आहे. आणि यावर सरकारी पातळीवर काहीच विचार झाला नाही असंही नाही. इर्डाच्या, म्हणजे विमा कंपन्यांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेच्या, एका कार्यगटानं जानेवारी २०२१ मध्ये रिपोर्ट दिला होता, त्यात ट्रॅफिक व्हायोलेशन प्रीमियम नावाचा वेगळा भाग सुचवला होता, ओडी, टीपी म्हणजे थर्ड पार्टी, पीए यांच्यासारखाच अजून एक. प्रत्येक गुन्ह्याला पॉइंट, पिऊन गाडी चालवली तर १००, चुकीच्या जागी पार्किंग केलं तर १०, मागच्या दोन वर्षांचे पॉइंट मोजायचे आणि त्याप्रमाणे जादा प्रीमियम लावायचा. दिल्लीत आधी करून बघा असंही म्हटलं होतं. वाचून मी खूश झालो होतो. पण माझ्या टेबलावर येणाऱ्या एकाही कोटेशनमध्ये ती ओळ अजून उगवलेली नाही.

आणि खरं सांगू, त्या रिपोर्टमधली एक गोष्ट मला तेव्हाही पटली नव्हती. तो जादा प्रीमियम भरायचा कुणी, तर गाडीच्या रजिस्टर्ड मालकानं. इथंच घोळ आहे. हैदराबाद रोडला एकाचे पाच छोटे हत्ती, म्हणजे मालाचे छोटे टेम्पो, आहेत, ड्रायव्हर ठेवलेत. ड्रायव्हर पिऊन पकडला गेला, मालकानं त्याला काढला, तो दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच्या गाडीवर बसला. पॉइंट कुणाला? पहिल्या मालकाला. ड्रायव्हर कोरा करकरीत. घरात बघा, गाडी बापाच्या नावावर, चालवतंय पोरगं. ई-चलनाच्या कॅमेऱ्याला नंबर प्लेट दिसते, चेहरा दिसत नाही. माझ्या एका गिऱ्हाईकाच्या कारला हेल्मेट नसल्याचं चलन आलं होतं, कारला! असल्या चलनावर कुणाचा प्रीमियम वाढवणार असाल तर मी पहिला विरोधात उभा राहीन.

म्हणून आधी रेकॉर्ड लायसन्सला चिकटलं पाहिजे. गाडीला नाही. आणि त्यात फक्त मोठे गुन्हे घ्यायचे, जिथं माणूस समोर उभा करून पकडलेला असतो, कोर्टाचा किंवा आरटीओचा कागद झालेला असतो. पिऊन चालवणं, बेदरकार चालवून कुणाला जखमी करणं किंवा मारणं, लायसन्स सस्पेंड असताना चालवणं, अल्पवयीन पोराच्या हातात चावी देणं, एवढे चार-पाच. पार्किंग, सीटबेल्ट, हेल्मेट यांना दंड आहे तो आहे, तिथंच राहू द्या. बारीकसारीक सगळं त्यात कोंबलं की लोकांना ते वसुलीचं नवीन मशीन वाटणार आणि मोठ्या गुन्ह्याची लाज त्या गर्दीत हरवणार. लोक अदालतीत चलन कमी करून मिळतं म्हणून वर्ष-वर्ष थांबणारा आपला समाज आहे, हे धरूनच काय ते ठरवावं लागेल.

यावर मला एका मित्रानं, तो ट्रान्सपोर्टमध्ये आहे, बरोबर नस पकडून विचारलं, की प्रीमियम दहा हजारानं वाढणार म्हटल्यावर नाक्यावर केस न करण्याचा भाव पण वाढणार, त्याचं काय? आज दोन हजारात मिटतंय ते उद्या पाचात मिटेल, रेकॉर्डवर येणारच नाही. ह्याला माझ्याकडं पूर्ण उत्तर नाही. मशीनची रीडिंग परस्पर सर्व्हरला गेली तर थोडं अवघड होईल एवढंच म्हणू शकतो. पण हाच मुद्दा दंडालाही लागू होतो, १ सप्टेंबर २०१९ पासून पिऊन चालवण्याचा दंड १० हजारापर्यंत गेला तेव्हाही लोक हेच म्हणत होते. म्हणून दंड परत दोन हजारावर आणा असं कुणी म्हणत नाही.

दुसरा आक्षेप जास्त जड आहे. एकदा चुकलेल्या माणसाला किती वर्षं झोडपायचं? ड्रायव्हरकीवर पोट असलेल्याला जादा प्रीमियम म्हणजे पगारातली कपात. हे मला मान्य आहे, आणि म्हणूनच दहा वर्षं वगैरे मला जास्त वाटतं. तीन वर्षं ठेवा, स्वच्छ गेली की दरवर्षी उतरत जाऊ द्या, जसा नो क्लेम बोनस चढत जातो तसा हा उतरत जाईल. आणि परत पकडला गेला तर मात्र पहिल्यापासून. मावसबहिणीच्या मुलानं तिकडं काय केलं, सुरुवातीला गाडीच विकली आणि ऑफिसला बसनं जायला लागला. प्रीमियमनंच त्याला ते शिकवलं, आमच्या कुणाच्या लेक्चरनं नाही.

अजून एक, हा जादा पैसा कंपनीच्या खिशात जाऊ नये. थर्ड पार्टीचा मूळ दर सगळ्यांना सारखा ठेवा, कंपनीला नकाराची सोय ठेवू नका, आणि जो जादा भाग आहे तो मोटार वाहन अपघात निधीत टाका. २०१९ च्या दुरुस्तीनं कायद्यात तो निधी आलेला आहे, आणि मे २०२५ पासून अपघातग्रस्ताला सात दिवसांपर्यंत दीड लाखाच्या कॅशलेस उपचारांची योजनाही आहे. पिणाऱ्याच्या जादा प्रीमियममधनं त्या बाईंसारख्यांच्या रॉडचा खर्च निघाला तर त्यात कुणाला वाईट वाटायचं कारण नाही. आणि एसआर-२२ सारखं, पॉलिसी संपली की आरटीओला आपोआप मेसेज. सगळ्यांसाठी नको, ज्यांचं लायसन्स एकदा सस्पेंड झालंय फक्त त्यांच्यासाठी. पॉलिसीचा डेटा आणि लायसन्सचा डेटा दोन्ही सरकारकडं ऑनलाइन पडूनच आहेत, त्यांची एकमेकांशी ओळख करून द्यायची एवढंच काम आहे.

पुण्याची गाडी असेल तर ए झोन, सोलापूरची असेल तर बी झोन, म्हणून रेटमध्ये फरक करणारी ही व्यवस्था आहे. शहर बघते, सीसी बघते, गाडीचं वय बघते. मास्तरांनी त्या दिवशी १४,६५१ चा चेक लिहिला, चेकच लिहितात ते, आणि शेजारी पोरगं फोनवरनं ९,३४१ टाकून मोकळं. मास्तर कोटेशनकडं बघत म्हणाले, "ह्यांची पण स्विफ्टच ना? मग माझी का महाग?" मी म्हटलं, "सर, तुमचा क्लेम झालाय." पोरगं मान खाली घालून मोबाईल बघत बसलं. त्याला सगळं कळलं होतं.

पोर्टलवर प्रपोजल भरताना लायसन्सबद्दल एक पण कॉलम येत नाही, निदान मी ज्या पोर्टलवर काम करतो तिथं तरी नाही. त्या दिवसापासून मी आपला एक साधा रजिस्टर ठेवलाय. रिन्यूअलला आलेल्या प्रत्येकाला विचारतो, दोन वर्षांत लायसन्स सस्पेंड झालंय का, पिऊन सापडलात का. उत्तराचा रेटवर काहीच परिणाम होत नाही हे त्यांना पण माहीत असतं. तरी बरेचजण खरं सांगतात. काहीजण दाराकडं बघतात आणि मग सांगतात. परवा एकानं विचारलं, "हे लिहून कुठं पाठवता, काका?" म्हटलं, कुठं नाही रे, सध्या ड्रॉवरमध्येच आहे.